शोधयंत्राच्या दप्तरातील फेरफार

भीमा आणि अमरजा या नद्यांच्या संगमाजवळचे श्रीक्षेत्र गाणगापूर राज्यकारभाराच्या दृष्टीने कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात मोडत असले, तरी श्रीनृसिंहसरस्वतींच्या दीर्घ वास्तव्याने पावन झालेल्या त्या स्थानी निर्गुण पादुकांच्या दर्शनासाठी आणि माध्यान्हीच्या माधुकरीसाठी जी माणसे वर्षभर येत असतात, त्यांच्यात सोलापूर, पुणे, मुंबई, कोल्हापूर अशा ठिकाणांहून निघालेल्या मराठी कुटुंबांचा भरणा मोठा असतो. एके काळी अशा कुटुंबाला क्षेत्राची माहिती मिळे ती घरातील वडीलधाऱ्यांच्या अनुभवातून, किंवा परंपरेने ठरलेल्या उपाध्यायांना टाकलेल्या पोस्टकार्डाच्या उत्तरातून. आज तीच माहिती मोबाइलवर चार शब्द टंकून मागितली जाते, आणि क्षणार्धात जी यादी समोर येते तिच्यातील पहिल्या दोन-तीन नोंदींच्या पलीकडे बहुधा कोणाची दृष्टी जात नाही.

जून २०२५ मध्ये याच देवस्थानाच्या नावाने बनावट संकेतस्थळे उघडून निरनिराळ्या पूजांच्या निमित्ताने भाविकांकडून पैसे घेतले गेल्याची तक्रार पुढे आली आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. दोषी कोण आणि किती, याचा निवाडा न्यायासनाने करावयाचा आहे. त्यात प्रस्तुत लेखकाने पडण्याचे कारण नाही. परंतु शेकडो मैलांवर बसलेल्या, कन्नड लिपी न वाचू शकणाऱ्या आणि देवाच्या नावावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला खरे स्थळ कोणते व खोटे कोणते हे ठरविण्यासाठी यादीतील क्रमांकाखेरीज दुसरे साधन हाताशी नसते, ही गोष्ट मात्र या प्रकरणाने उघडी केली. जे वर दिसते ते अधिकृत, अशी आपण सर्वांनी आपल्या मनाची समजूत करून घेतली आहे. तो क्रमांक कोण देतो, कोणत्या पुराव्यावर देतो आणि एके दिवशी अकस्मात तो का बदलतो, हे समजून घेणे म्हणूनच संगणकशास्त्राच्या अभ्यासकापुरते मर्यादित राहिलेले नाही.

शोधयंत्र प्रश्न विचारल्यानंतर जग धुंडाळावयास निघत नाही. त्याचे स्वयंचलित टेहळे अहोरात्र एका पानावरून दुसऱ्या पानावर जात असतात, जे आढळेल त्याची नक्कल आपल्या दप्तरात आणून टाकतात, आणि त्या नकलांवरून कोणता शब्द कोणकोणत्या पानावर आहे याची एक अवाढव्य सूची सिद्ध होते. आपण प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर निघते ते या सूचीतून. सूचीत सापडलेल्या सहस्रावधी पानांपैकी पहिले कोणते आणि शेवटचे कोणते हे ठरविणारी जी नियमावली, तिला अल्गोरिदम म्हणतात. सगळी मेख या नियमावलीत आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगल स्थापन केले, त्याच्या मुळाशी असलेली कल्पना विद्वानांच्या जगातून उचललेली होती. ज्या प्रबंधाचा हवाला इतर प्रबंधकार पुनःपुन्हा देतात तो महत्त्वाचा, आणि हवाला देणारा स्वतः जितका मान्यवर तितके त्या हवाल्याचे वजन अधिक, या न्यायाने एखाद्या पानाकडे इतर किती व कोणत्या पानांनी दुवा दिला आहे, यावरून त्या पानाची योग्यता मोजावी, असे त्यांनी ठरविले. तत्पूर्वीची शोधयंत्रे मुख्यतः शब्द मोजीत असत. त्यामुळे एकच शब्द शंभर वेळा लिहिणारा मनुष्य वर चढे. दुव्यांच्या गणितामुळे त्या लबाडीला पुष्कळ आळा बसला, आणि शोधाच्या व्यवहारातील सिंहाचा वाटा हळूहळू एकाच कंपनीच्या हाती गेला.

परंतु ज्या मापाने मोल ठरते त्या मापालाच वाकविण्याचा उद्योग मनुष्य लवकरच आरंभतो. दुवे विकत मिळू लागले. केवळ एकमेकांकडे बोट दाखविण्यासाठी हजारो निरर्थक पाने उभी करण्यात आली. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणले की, जे. सी. पेनी या अमेरिकेतील नामांकित दुकानाच्या संकेतस्थळाकडे असंबद्ध ठिकाणांहून असे दुवे मोठ्या प्रमाणावर पेरण्यात आले होते, आणि त्यामुळे अंथरुणा-पांघरुणापासून पोशाखापर्यंत असंख्य वस्तूंच्या शोधात ते दुकान कित्येक महिने अव्वल स्थानी राहिले होते. हे बाहेर पडताच गूगलने ते थेट कित्येक पाने खाली ढकलले. त्याच महिन्यात ‘पांडा’ नावाचा फेरबदल लागू झाला. इतरांचा मजकूर थोडा फिरवून लिहिलेली, वाचकाला काही न देणारी पाने ओळखून त्यांना उतरविणे हा त्याचा हेतू होता, आणि अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांच्या निकालांवर त्याचा परिणाम झाल्याचे कंपनीने स्वतः सांगितले. एप्रिल २०१२ मध्ये विकतच्या दुव्यांवर रोख धरणारा ‘पेंग्विन’ आला. प्राण्यांची ही गोंडस नावे ऐकून हा सारा प्रकार सौम्य वाटेल. पण रात्री झोपताना ज्याच्या दुकानात दररोज शेकडो गिऱ्हाइके येत होती, त्याला सकाळी दारात कोणीच नाही असे आढळावे, आणि कारण विचारावयास कचेरी नसावी, अशी अवस्था अनेकांची झाली.

गाणगापूरच्या भाविकाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचा, पण फारसा न गाजलेला फेरबदल सप्टेंबर २०१२ मधला आहे. तोपर्यंत असे होते की, लोक जे शब्द शोधतात तेच शब्द जोडून आपल्या संकेतस्थळाचे नाव घेतले, म्हणजे आतला मजकूर कितीही निकृष्ट असला तरी स्थळ वर येई. एखाद्या देवस्थानाचे नाव अधिक ‘मंदिर’ अधिक ‘पूजा’, असे नाव वर्षाला काही शे रुपये भरणाऱ्या कोणालाही मिळते. ते देताना नोंदणी करणारी संस्था देवस्थानाचा दाखला मागत नाही. केवळ नावाच्या बळावर वर चढलेली अशी निकृष्ट स्थळे खाली आणण्यासाठी तो फेरबदल होता. मात्र यंत्राला खरेपणा कळत नाही, त्याला खरेपणाची चिन्हे तेवढी कळतात, हे येथे स्वच्छ नमूद केले पाहिजे. खऱ्या देवस्थानाच्या पानावर जर चार ओळी आणि एक धूसर छायाचित्र असेल, आणि तोतयाच्या पानावर पूजांची सविस्तर यादी, दरपत्रक, आरतीच्या वेळा व रस्त्याचा नकाशा असेल, तर चिन्हांच्या हिशेबात तोतयाच सरस ठरण्याचा संभव असतो.

या संदर्भात बीदरच्या इतिहासातील एक प्रसंग मनात आल्यावाचून राहत नाही. त्या शहरात ज्याने १४७२ च्या सुमारास उभारलेला मदरसा आजही भग्नावस्थेत पाहावयास मिळतो, तो बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान अत्यंत कर्तृत्ववान आणि निःस्पृह पुरुष होता. त्याच्या वैऱ्यांनी त्याची मुद्रा सांभाळणाऱ्या नोकराला फितवून एका कोऱ्या कागदावर वजिराची मोहर उमटवून घेतली, आणि मग ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारा राजद्रोही मजकूर त्या कागदावर लिहून तो सुलतान तिसरा मुहम्मदशाह याच्या हाती पोहोचविला. सुलतानाने मोहर पाहिली. मोहर खरी होती. मजकुराची रुजुवात करण्याची तसदी त्याने घेतली नाही, आणि १४८१ साली त्या थोर वजिराचा शिरच्छेद झाला. बहामनी सत्तेला त्यानंतर जी उतरती कळा लागली, ती थांबली नाही.

खऱ्या मोहरेखाली परक्याचा मजकूर ही युक्ती आजच्या महाजालावर सर्रास चालते. वर्षानुवर्षे नाव कमावलेल्या एखाद्या वृत्तपत्राच्या किंवा संस्थेच्या स्थळावर कोपऱ्यातली काही पाने भाड्याने घेऊन तेथे कर्ज, जुगार, औषधे किंवा सवलतीची कुपने यांविषयीचा मजकूर चढविला जातो. शोधयंत्र वृत्तपत्राची प्रतिष्ठा ओळखते, आणि त्या प्रतिष्ठेच्या जोरावर ती पाने अव्वल ठरतात. त्याचप्रमाणे एखादी शाळा वा संस्था आपल्या स्थळाच्या नावाचे नूतनीकरण करण्यास विसरली, की तेच नाव दुसरा कोणी विकत घेतो आणि तिच्या जुन्या पुण्याईवर आपला माल खपवतो. मार्च २०२४ मध्ये गूगलने या दोन्ही प्रकारांना नियमभंग ठरविले, आणि त्यांतील पहिल्या प्रकारावरची कारवाई मे महिन्यात सुरू केली. त्याच मार्चमध्ये सुरू झालेला व्यापक फेरबदल पुरा होण्यास ४५ दिवस लागले, आणि निकृष्ट व उसनवारीचा मजकूर शोधात दिसण्याचे प्रमाण त्यामुळे ४५ टक्क्यांनी घटल्याचा दावा कंपनीने केला. दावा कंपनीचा स्वतःचाच असल्यामुळे तो तितक्याच जपून घ्यावा, असे माझे मत आहे.

फेरबदलाने खाली गेलेले प्रत्येक स्थळ दोषीच असते, असे मात्र समजू नये. नियमभंगाबद्दल कंपनीच्या माणसांनी हेतुपुरस्सर कारवाई केली असेल तर तशी सूचना स्थळाच्या मालकाला मिळते, आणि दुरुस्ती करून फेरविचाराचा अर्जही करता येतो. व्यापक फेरबदलांची गोष्ट वेगळी. वर्षातून काही वेळा नियमावलीतील निरनिराळ्या गुणांचे वजन नव्याने ठरविले जाते, त्यानुसार सगळ्या दप्तराचे पुन्हा मूल्यमापन होते, आणि कालपर्यंत तिसरा असलेला आज तेविसावा होतो. त्याने काही गैर केलेले नसते, दुसरे कोणी अधिक योग्य ठरलेले असते. अशा वेळी सूचना नाही, अर्ज नाही, अपील नाही. मजकूर सुधारून पुढच्या मूल्यमापनाची वाट पाहणे एवढेच हाती उरते, आणि ते मूल्यमापन येण्यास कित्येक महिने लागू शकतात. नेमक्या या अगतिकतेवर ‘पंधरा दिवसांत पहिला क्रमांक’ अशी हमी विकणाऱ्यांचा धंदा चालतो. ती हमी देण्याचा अधिकार जगात कोणालाही नाही, हे बीदर जिल्ह्यातील भालकी-हुमनाबादच्या बाजारपेठेतील आमच्या छोट्या व्यापाऱ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे.

आता सीमाभागाच्या विशेष अडचणीकडे वळू. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके भालकी, औराद, हुमनाबाद यांच्याबरोबर हैदराबाद संस्थानातून आलेल्या एकाच बीदर जिल्ह्यात नांदत होते; पुढे सीमारेषा आली आणि सोयरिकी, बाजार, यात्रा त्या रेषेच्या आरपार तशाच राहिल्या. शोधयंत्र मात्र विचारणारा कोठे उभा आहे आणि त्याच्या यंत्राची भाषा कोणती आहे, याचा विचार करून उत्तर देते. त्यामुळे उदगीरला विचारलेल्या आणि भालकीला विचारलेल्या एकाच प्रश्नाची उत्तरे निराळी येऊ शकतात. ज्या मुलखात घरी मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि मोबाइलवर रोमन लिपी चालते, तेथे एका गावाचे नाव पाच-सहा प्रकारे लिहिले जाते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्ग्याचे नाव कलबुर्गी झाले, पण विद्यापीठाच्या नावात गुलबर्गा कायम आहे, आणि २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली तूरडाळही ‘गुलबर्गा तूरडाळ’ याच नावाने नोंदली गेली. ही सारी रूपे एकाच स्थळाची आहेत हे यंत्राने शिकावे लागते, आणि ते शिकते लोकांनी लिहिलेल्या मजकुरावरून. जेथे लिहिलेलेच थोडे, तेथे शिकणेही थोडे.

मराठीच्या बाबतीत हे थोडेपण काही अंशी आपणच ओढवून घेतले. युनिकोड रुळण्यापूर्वी कित्येक मराठी स्थळे आपापल्या खासगी फॉन्टमध्ये छापली जात. वाचणाऱ्याला पडद्यावर सुबक देवनागरी दिसे, पण यंत्राच्या हाती त्यातून निरर्थक रोमन अक्षरांची रास लागे, आणि इतक्या वर्षांचा तो मजकूर शोधाच्या दृष्टीने जणू लिहिलाच गेला नव्हता. आजही अनेक संस्था आपली पत्रके छायाचित्राच्या रूपात चढवितात. यंत्राचे आकलन मात्र मध्यंतरी पुष्कळ सुधारले. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्रजीसाठी लागू झालेली ‘बर्ट’ ही पद्धती त्याच वर्षीच्या डिसेंबरात मराठी आणि कन्नड यांसह ७० हून अधिक भाषांना लावण्यात आली. सुटे शब्द जुळविण्याऐवजी वाक्यातील शब्दांचा परस्परसंबंध पाहणे हे तिचे वैशिष्ट्य. ‘अक्कलकोटहून गाणगापूरला जाणारी गाडी’ आणि ‘गाणगापूरहून अक्कलकोटला जाणारी गाडी’ या दोन प्रश्नांतील शब्द जवळजवळ तेच. फरक पडतो तो प्रत्ययांनी, आणि आमच्या भाषेत सगळा कारभार प्रत्ययांवरच चालतो. हा भेद यंत्राला कळू लागणे हा मराठी वाचकाचा खरा लाभ आहे, आणि त्याचे मी मनापासून स्वागत करतो.

परंतु प्रश्न कळला तरी उत्तर कोणी तरी लिहिलेले असावे लागते, आणि येथे बीदरच्या बिदरी कारागिरांचे उदाहरण मला फार अस्वस्थ करते. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओतावयाचे, मोरचुदाच्या पाण्याने ते तात्पुरते काळे करून त्यावर नक्षी कोरावयाची, कोरलेल्या रेषांत चांदीची तार ठोकून बसवावयाची, आणि अखेरीस बीदरच्या किल्ल्यातील जुन्या मातीत नवसागर मिसळून त्या द्रवाने ते भांडे तापवावयाचे, म्हणजे धातू कायमचा काळाभोर होतो आणि चांदी तशीच झळकत राहते. कोणती माती चालेल हे ओळखण्यासाठी जुना कारागीर ती जिभेवर ठेवून पाहतो. २००६ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२३ साली बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देऊन राष्ट्राने तिचा गौरव केला. डिसेंबर २०२२ मध्ये गूगलने शोधाच्या निकालांची प्रत तपासणाऱ्या आपल्या परीक्षकांसाठीच्या मार्गदर्शिकेत लेखकाचा प्रत्यक्ष अनुभव ही कसोटी नव्याने घातली. कसोटी उत्तमच आहे. पण ज्याच्या जिभेला त्या मातीची चव ठाऊक आहे त्याने महाजालावर एक अक्षर लिहिलेले नसते, आणि ज्यांनी लिहिलेले असते त्यांतील बहुतेकांनी एकमेकांचेच उतरवून घेतलेले असते. नियमावली कितीही न्यायी झाली, तरी गैरहजर साक्षीदाराची साक्ष ती कोठून आणणार? या कारागिरांचे शब्द त्यांच्याच तोंडून, दखनीत, कन्नडमध्ये, मराठीत टिपून ठेवण्याचे काम आमच्या महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी अंगावर घेतले पाहिजे, आणि त्यात दिरंगाई परवडणारी नाही.

नियमावली न्यायी आहे की नाही हा प्रश्न सरकारदरबारीही गेलेला आहे. विवाह जुळविणारे भारत मॅट्रिमोनी चालविणारी कंपनी आणि कट्स ही ग्राहकहितासाठी झटणारी संस्था यांच्या तक्रारींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ८ फेब्रुवारी २०१८ रोजी गूगलला १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड केला. विमानप्रवासाच्या शोधात कंपनी आपल्याच सेवेला अवाजवी ठळक जागा देते, हा त्या निर्णयातील एक आक्षेप होता. गूगलने त्यावर अपील केले. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या क्षेत्रातील मक्तेदारी कंपनीने बेकायदा टिकविल्याचा निर्णय दिला. त्याच ऑगस्टमध्ये भारतातील शोधाच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेला गोषवारा इंग्रजी आणि हिंदीत दिसू लागला, ज्यामुळे पहिल्या क्रमांकाच्या पानावरही जाण्याची गरज अनेकांना वाटेनाशी झाली आहे.

शेवटी प्रत्यक्ष पडद्याकडे पाहू. ‘गाणगापूर पूजा’ असे शब्द टंकल्यावर सर्वांत वर ‘प्रायोजित’ असा बारीक शिक्का असलेल्या नोंदी दिसू शकतात. त्या पैसे देऊन घेतलेल्या जागा असून येथवर वर्णन केलेल्या फेरबदलांशी त्यांचा संबंध नसतो. त्याखाली नकाशाची चौकट येते, आणि तिच्यातील दूरध्वनी क्रमांक बदलण्याची सूचना त्रयस्थही करू शकतो, म्हणून तो क्रमांक पडताळल्यावाचून रक्कम पाठवू नये. त्यानंतर क्रमवारीने ठरलेली खरी यादी सुरू होते. तिच्यात पत्त्याची अखेर पाहावी. ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ओआरजी’ कोणालाही मिळते. ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट मात्र केवळ सरकारी यंत्रणांनाच दिला जातो, आणि गाणगापूरचे देवस्थान कर्नाटक शासनाच्या मुजराई, म्हणजे देवस्थानांचा कारभार पाहणाऱ्या, खात्याच्या अखत्यारीत असल्यामुळे पैसे भरण्यापूर्वी त्या खात्याच्या पानावरून देवस्थानाच्या पानाकडे जाणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. खात्यानेही तेथील पूजांचे दर, वेळा आणि निवासाची माहिती कन्नडबरोबर मराठीतही, छायाचित्रात न कोंडता साध्या अक्षरांत द्यावी. यात्रेकरूंचा एवढा मोठा वर्ग मराठी असताना ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही, आणि तोतयांना यादीतून खाली ढकलण्यास पुढच्या कोणत्याही फेरबदलाला त्याहून भक्कम पुरावा मिळणार नाही. २६ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेली बनावट मजकुराविरुद्धची गूगलची मोहीम सर्व भाषांसाठी होती, आणि ती पुरी होण्यास २२ सप्टेंबर उजाडला. म्हणजे कारवाई सुरू झाल्यावरही खोटे स्थळ काही आठवडे यादीत वावरू शकते. त्या अवधीत कोणाची रक्कम गेलीच, तर संकोच न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढे सरकण्यापूर्वी ते अडविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वांत अधिक असते.